ती एकदाच येणार असेल तर?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आज आपण एका रांगेचा इतिहास बघणार आहोत. खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात उभी असलेली बायकांची रांग. त्या तिथे कशा आल्या, त्यांना बोलावलं कोणी, आणि ज्या आल्या नाहीत त्यांचं काय झालं. विषय आहे कॅन्सरच्या तपासणीचा. म्हणजे काहीच त्रास नसताना, आजार लपून बसलाय का हे बघण्यासाठी केलेली तपासणी. आपल्यातले बरेच जण पंचविशीतले. आपल्याला याची गरज लगेच पडणार नाही. पण आपल्या आया चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यामुळे हेडफोन काढू नका.

दोन आकडे

पहिला आकडा. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तुम्ही आयुष्यात कधी एकदा तरी केली आहे का? देशभरात "हो" म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

दुसरा आकडा. साल २०००च्या आगेमागे. ठिकाण उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. पाऊस कमी, रस्ते तसेच, घरोघरी फोन नाहीत. तिथल्या खेड्यांतल्या सुमारे एक लाख बायकांना याच तपासणीसाठी बोलावलं गेलं. शंभरातल्या जवळपास ७९ आल्या.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. वीस वर्षांचा फरक आहे, आणि आकडा वाढायच्या ऐवजी उलटा दिसतो. "आपल्याकडच्या बायका तपासणीला येतच नाहीत हो, जागरूकताच नाही," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मग उस्मानाबादच्या बायका कुठल्या वेगळ्या मुलखातून आल्या होत्या का? आजच्या भागात याच प्रश्नाचं उत्तर शोधायचंय. मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, नोकरीसाठी पुण्यात. त्यामुळे हा इतिहास वाचताना माझ्या डोळ्यासमोर सतत आमच्याकडची गावं होती. शेवटी आपण तिथेही जाणार आहोत.

काचपट्टीवरचा शोध

गोष्ट थोडी मागून सुरू करू. जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचा एक ग्रीक डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये काम करायचा. गर्भाशयाच्या तोंडावरून पुसून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, हे त्याचं काम. त्याची बायको मेरी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्याला देत होती. १९२८ साली त्याने सांगितलं, की अशा पेशींमध्ये कॅन्सर दिसू शकतो. तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९४१ साली हर्बर्ट ट्राउट या डॉक्टरसोबत त्याने पुन्हा मांडणी केली, तेव्हा जग ऐकायला लागलं. हीच ती पॅप टेस्ट.

या कॅन्सरचा एक गुण आपल्या फायद्याचा आहे. तो घाईत नसतो. पेशी बिघडायला लागल्यापासून खरा कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्या काळात एकदा जरी तो खराब भाग सापडला, तर लहानशा उपचाराने काढून टाकता येतो. म्हणजे हा कॅन्सर नुसता लवकर सापडतो असं नाही, तो व्हायच्या आधीच थांबवता येतो.

१९४९ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ही तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. मग युरोपातले देश आले. आणि इथे इतिहासाने आपल्यासाठी आयता प्रयोगच करून ठेवलाय. १९६५ ते १९८२ या काळात आइसलँडमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू ८० टक्क्यांनी घटले. फिनलँडमध्ये ५० टक्क्यांनी. नॉर्वेमध्ये फक्त १० टक्क्यांनी. चाचणी तीच, काळ तोच, देश शेजारचे आणि श्रीमंत. फरक कशाचा? आइसलँड आणि फिनलँडमध्ये यादी काढून प्रत्येक बाईला नावानिशी बोलावणं जायचं. नॉर्वेमध्ये असा कार्यक्रम देशाच्या अगदी थोड्या भागातच होता. बाकी ठिकाणी ज्या स्वतःहून डॉक्टरकडे गेल्या, त्यांची तपासणी झाली.

म्हणजे पहिला धडा तिथेच मिळाला होता. चाचणी अर्धं काम करते. उरलेलं अर्धं काम बोलावणं करतं.

एक लाख तोंडं

आता महाराष्ट्रात या. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ ला. पण हॉस्पिटल म्हणजे रोगी तिथपर्यंत जाणार. डॉक्टर रोग्याच्या, किंवा अजून रोगी न झालेल्या माणसाच्या दारात जाणार, ही वेगळी गोष्ट.

ती गोष्ट आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरपासून सुरू झाली असं म्हणता येईल. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, जिथे अणू-परमाणूंचा अभ्यास होतो, तिथे एकेकाळी दातांवर संशोधन करणारा एक विभागही होता. डॉ. फली मेहता तिथे होते. त्यांच्या गटाने साठीच्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. किती? १,०१,७६१ माणसांची. हा अभ्यास १९७२ साली छापून आला. तंबाखू खाणाऱ्या आणि ओढणाऱ्यांच्या तोंडात कॅन्सरच्या आधीचे पांढरे चट्टे कसे दिसतात, हे त्यातून पुढे आलं.

मला या आकड्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तंबाखू खाणारा माणूस स्वतःहून तोंड दाखवायला कधीच गेला नसता. पण कोणी अंगणात येऊन "जरा आ करा" म्हटलं, तर एक लाख लोकांनी आ केलं.

बार्शी: मोजायला गेले आणि बोलत बसले

पुढचा थांबा बार्शी, सोलापूर जिल्हा. तिथे डॉ. भगवान नेने यांचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. आणि याच बार्शीत १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं.

कॅन्सर नोंदणी म्हणजे एका ठरावीक भागात दरवर्षी किती लोकांना, कुठला कॅन्सर झाला याचा पक्का हिशोब. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती. शहरात ती जमते, कारण हॉस्पिटलं आणि लॅबची कागदपत्रं असतात. खेड्यात कागद कुठला? खेड्यात बाई "अंगावरून जातंय" म्हणत दोन वर्षं काढते आणि घरातच संपते. तिचा आजार कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

म्हणून बार्शीच्या लोकांनी वेगळी पद्धत काढली. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जायचे. सरपंच, शिक्षक, दाई, घरातली माणसं, सगळ्यांशी बोलायचे. कुणाला न भरणारी जखम आहे का, कुणाच्या छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यानंतर कुणाला पुन्हा रक्त जातंय का, हे विचारायचे. लक्षणं समजावून सांगायचे. शंका वाटली तर बार्शीच्या हॉस्पिटलपर्यंत न्यायची व्यवस्था करायचे. इथे बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाचा निघाला.

आता खरी गंमत पुढे आहे. ही सगळी खटपट मोजणीसाठी होती. उपचार वाढवायचे किंवा तपासणी करायची असा कार्यक्रमच नव्हता. पण काही वर्षांनी कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे बघितले, तेव्हा दिसलं की बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत हॉस्पिटलला पोहोचायला लागल्या होत्या. पाठोपाठ त्यांच्या जगण्याचं प्रमाणही सुधारलं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यात यावर शोधनिबंध आले.

नवं मशीन नाही, नवं औषध नाही. कोणीतरी गावात वारंवार आलं, ओळखीचं झालं, आणि ज्या गोष्टी बायका कुजबुजत बोलतात त्या नीट विचारल्या. एवढ्यानेच फरक पडला.

उस्मानाबाद: एकदाच आली तर?

बार्शीच्या या अनुभवावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे एकत्र आले. ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झालं.

प्रश्न काय होता ते समजून घ्या, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे. श्रीमंत देशांत बाई तेव्हा दर काही वर्षांनी पॅप टेस्ट करायची. एखादी वेळ चुकली, तरी पुढच्या वेळी सापडतं. आपल्या खेड्यातली बाई दर तीन वर्षांनी येईल का? मजुरी बुडवून, लाज बाजूला ठेवून, घरच्यांना सांगून? संशोधकांनी प्रामाणिकपणे धरून चाललं, की ती आयुष्यात एकदाच येईल. मग त्या एका वेळेत तिची कुठली तपासणी करावी, म्हणजे तिचा जीव वाचेल?

त्यासाठी गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ बायका. एका भागात पॅप टेस्ट. दुसऱ्या भागात व्हिनेगरची तपासणी. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते साध्या डोळ्यांनी बघायचं. तिसऱ्या भागात एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याचाच शोध. या विषाणूचा आणि कॅन्सरचा संबंध शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. आणि चौथ्या भागात तपासणीचं बोलावणं नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा.

बोलावणं कसं गेलं हे बघा. आधी कार्यकर्ते घरोघर जाऊन यादी करायचे. प्रत्येक बाईशी तिच्या घरी बोलायचे. गावात बैठका व्हायच्या, त्यात पुरुषही असायचे, कारण घरातून बाहेर पडण्याची परवानगी बऱ्याचदा त्यांच्या हातात असायची. तपासणी घराजवळ, आणि करणारी प्रशिक्षित नर्स. ज्यांच्यात काही सापडलं, त्यांच्या पुढच्या उपचाराची सोय आधीपासून लावलेली.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. आठ वर्षांच्या काळात, बोलावणं न गेलेल्या ३१,४८८ बायकांमध्ये या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले. एचपीव्ही टेस्टच्या भागात ३४,१२६ बायका होत्या, मृत्यू ३४. म्हणजे जवळजवळ निम्मे. एका टेस्टने, आणि तीही एकदाच केलेल्या. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही.

जगभरात एचपीव्ही टेस्टवर भरवसा बसायला ज्या अभ्यासांचा मोठा हात आहे, त्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा अभ्यास आहे. शाळेच्या पुस्तकात हे यायला हवं होतं, असं मला वाटतं.

मुंबई: चार वेळा दार वाजवलं

साधारण त्याच काळात, १९९८ पासून, मुंबईत दुसरा प्रयोग चालू होता. टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचा गट. जागा मुंबईतल्या झोपडपट्ट्या, २० वस्त्या, दीड लाखाहून जास्त बायका. इथे लॅब नव्हती, डॉक्टरही नव्हते. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी शिकवली. पण एकदा करून थांबले नाहीत. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या.

बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बायका आल्या. २०१३ साली अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत निकाल सांगितला गेला: गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

आता गोंधळ होईल. व्हिनेगर उस्मानाबादमध्ये चाललं नाही आणि मुंबईत चाललं, असं कसं? दोन्ही अभ्यासांत बरेच फरक होते, पण मला सर्वांत मोठा वाटतो तो फेऱ्यांचा. व्हिनेगरच्या तपासणीत एका वेळी काही डाग नजरेतून सुटतात. चार वेळा बघितलं तर सुटण्याची शक्यता कमी होते. म्हणजे सरकारपुढे दोन रस्ते आहेत. एक तर अशी चाचणी द्या, जी बाईने एकदा करून घेतली तरी पुरेल. किंवा स्वस्त चाचणी द्या, पण मग तिच्या दारात पुन्हा पुन्हा जायची तयारी ठेवा. स्वस्त चाचणी एकदा करायची, फोटो काढायचा आणि निघायचं, हा तिसरा रस्ता इतिहासात कुठेच पोहोचलेला नाही.

ज्या आल्या नाहीत आणि ज्यांना बोलावलंच नाही

इथपर्यंत ऐकून छान वाटलं असेल. पण या गोष्टीत दोन काटे आहेत, ते टाळून चालणार नाही.

पहिला काटा. उस्मानाबादमध्ये शंभरातल्या ७९ आल्या, मग २१ कोण होत्या? याचाही अभ्यास झाला आणि तो २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. तिशीतल्या, जास्त शिकलेल्या, नवरा असलेल्या, कुटुंबनियोजनाचं साधन कधीतरी वापरलेल्या बायका जास्त आल्या. म्हणजे ज्यांचा आरोग्य केंद्राशी आधीच काहीतरी संबंध आला होता त्या. मागे राहिल्या त्या वयाने मोठ्या, न शिकलेल्या, एकट्या. विधवा बाईला वाटतं, आता माझं बाळंतपण नाही, पाळी नाही, त्या डॉक्टरीणबाईशी माझं काय काम? आणि वय वाढतं तसा धोका तर वाढत असतो. त्यामुळे टक्केवारी कितीही चांगली असली तरी विचारायचं, उरलेल्या कोण आहेत?

दुसरा काटा जास्त टोचणारा. चौथ्या भागातल्या त्या ३१,४८८ बायका. त्यांना तपासणीचं बोलावणं गेलं नाही, कारण तुलनेसाठी कोणीतरी लागतंच. त्यांच्यातल्या ६४ जणी गेल्या. मुंबईतही असाच तुलनेचा गट होता. पुढे यावर मोठा वाद झाला. अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये लिहून विचारलं, की तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीपासून माहीत असताना इतक्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं? संशोधकांची बाजू अशी, की त्या वेळी भारतात कुठलीच तपासणी नियमित होत नव्हती, आणि कुठली चाचणी इथे चालते याचा पुरावा हातात नव्हता.

मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही, आणि या वादाचा निकाल द्यायची माझी लायकी नाही. पण एक हिशोब मला कळतो. त्या बायकांच्या जिवावर आपल्याला उत्तर मिळालं. उत्तर मिळूनही पंधरा वर्षं उलटली. तो पुरावा वापरला गेला नाही, तर देणं आपल्याच अंगावर राहतं.

आणि आता गोंदिया

२०१६ साली केंद्र सरकारने देशभरासाठी तपासणीची मार्गदर्शक सूचना काढली. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कॅन्सर, आणि बायकांची स्तनाच्या व गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. कॅन्सरच्या तपासण्या दर पाच वर्षांनी. गर्भाशयाच्या तोंडासाठी व्हिनेगरची पद्धत. आशाताई घरी येऊन एक प्रश्नावली भरतात, ती याचाच भाग. तुमच्या घरी भरली असेल. तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ आहे का, असे प्रश्न त्यात असतात. म्हणजे बार्शीचे कार्यकर्ते जे विचारायचे, तेच आता छापील कागदावर आलंय. योजना वाईट नाहीच.

मग अडतं कुठे? आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला फनेल म्हणतो, म्हणजे नरसाळं, ते डोळ्यासमोर आणा. वर रुंद, खाली अरुंद. किती जणींना बोलावलं, किती आल्या, किती जणींमध्ये काही सापडलं, त्यातल्या किती पुढच्या तपासणीला गेल्या, किती जणींचे उपचार पूर्ण झाले. प्रत्येक टप्प्यावर माणसं गळतात. ॲपमध्ये युजर गळाला तर आम्ही कधीच म्हणत नाही की युजर अडाणी आहे. आम्ही स्क्रीन बदलतो, बटण जवळ आणतो. आरोग्याच्या कार्यक्रमात मात्र गळती झाली की दोष पटकन बाईवर जातो.

आता सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या एखाद्या गावातली बाई डोळ्यासमोर आणा. तिचं वर्ष कसं जातं? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, चिखलात कमरेतून वाकून दिवसभर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानाची कापणी. रोवणीच्या आठवड्यात तपासणीचं शिबिर ठेवलं आणि ती आली नाही, तर त्याला उदासीनता म्हणायचं का? तिच्या कॅलेंडरवर रिकामे दिवस आहेत. कोणी ते कॅलेंडर बघून तारीख ठरवली का, हा प्रश्न आहे.

भाषेचंही तसंच. आमच्या जिल्ह्यात मराठी आहे, हिंदी आहे, आणि घराघरात पोवारी, छत्तीसगढी, गोंडी, झाडीबोलीही आहे. "ग्रीवा कर्करोग" असं पोस्टरवर लिहिलं तर मलाही दोनदा वाचावं लागतं. बायका म्हणतात "पिशवीचा आजार", "पांढरं जाणं". त्या शब्दांत विचारलं तर उत्तर मिळतं.

आणि पुढचा रस्ता. डाग दिसला तर उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, मग गोंदिया. गोंदियाला २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, ही मोठी सोय झाली. त्याच्या पुढचं काही लागलं तर नागपूर, रेल्वेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर. प्रत्येक टप्प्याला एक दिवसाची मजुरी आणि सोबत येणारं एक माणूस लागतं. उस्मानाबादमध्ये ही साखळी आधी बांधली होती, मग बोलावणं पाठवलं होतं. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी तपासणीचे दहा नियम लिहिले होते, त्यातही हेच आहे: निदान आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे. तसं नसेल तर तपासणी म्हणजे नुसती भीती वाटणं.

आता पोरांनो, तुमच्याकडे वळतो. आमच्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकवर घासून पुडी. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा विदर्भात जागोजागी मिळतो, आणि तो खाणारे आपल्याच वयाचे आहेत. तोंडाच्या तपासणीला ना लॅब लागते ना पडदा. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं तपासली. २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. तोंडात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला फोड, किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असेल तर तिशीची वाट बघू नका.

शेवटचं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली लक्ष्य ठरवलं, की २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची चांगल्या दर्जाची तपासणी व्हावी, वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा. दिल्ली-मुंबईत बसून हे अशक्य वाटू शकतं. पण उस्मानाबादच्या खेड्यांनी ७९ आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांनी ८९ टक्के आपल्याला दाखवून ठेवलेत. मान्य, ते संशोधन प्रकल्प होते. पैसा होता, माणसं होती. पण बायका त्याच होत्या. त्या पैशातून मुख्यतः विकत घेतलं काय? ओळखीच्या माणसाने घरी येऊन बोलणं, जवळची जागा, बाईच तपासणारी, आणि पुढे काही निघालं तर सोबत करणारं कोणी. या यादीतली एकही गोष्ट परदेशातून मागवावी लागत नाही.

यातली पहिली आणि शेवटची गोष्ट आपण घरूनच करू शकतो. मुलाने आईशी या विषयावर कसं बोलायचं, हा संकोच मला कळतो. मलाही वाटतो. मग बहिणीला सांगा, वहिनीला सांगा, हा भाग आईला नुसता पाठवा. आजी असेल तर तिलाही, कारण मागे राहतात त्या आज्याच. आशाताईंना विचारा, आपल्या केंद्रावर तपासणी कुठल्या वारी असते. त्या दिवशी तिची सोबत करा, आणि रोवणी चालू असेल तर एक दिवस बांधीत तिच्या जागी उभे राहा.

पुढच्या भागात भेटू. तोवर स्वतःची काळजी घ्या, आणि तुमच्या गावात ही तपासणी कशी चालते ते आम्हाला नक्की कळवा.